दोष बांधावरच्या गवताचा की गोचिडांच्या औषधाचा?

पत्र

आमच्याकडे एक गाय, एक म्हैस आणि गाईचं लहान वासरू आहे. तीन आठवड्यांपूर्वी बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्यांनी पिकावर फवारणी केली. वारा आमच्या बाजूला होता. दुसऱ्या दिवशी मी बांधावरचं गवत कापून गाय आणि म्हैस दोघींना घातलं. त्याच रात्री गाय थरथरायला लागली. तोंडातून लाळेच्या तारा, डोळ्यांतून पाणी, शेण पाण्यासारखं. वासरू तेव्हा जेमतेम तीन आठवड्यांचं, नुसतं दुधावर, पण तेही लाळ गाळत पडून राहिलं. विष उतरावं म्हणून घरच्यांनी गाईला बाटलीने तेल पाजलं. पहाटे डॉक्टर आले, त्यांनी कुप्यांमागून कुप्या फोडल्या. गाय आणि वासरू दोन्ही वाचले. म्हशीला काहीच झालं नाही. आता गाईचं दूध निम्म्यावर आलंय, ती अजून माजावर आलेली नाही, आणि अधूनमधून खोकते. वासरू अजून अशक्त आहे. शेजारी म्हणतात, माझा काही संबंध नाही. त्यांची तक्रार करावी का? दूध मुलांना द्यावं का? पहिल्या आठवड्यात दूध ओतून दिलं, पण साय काढून साठवली आहे. डॉक्टरांनी औषध जास्त दिल्यामुळे तर दूध आटलं नाही ना? (गोठा आम्ही स्वच्छ ठेवतो. गवत आणलं त्याच्या आदल्या संध्याकाळीच यजमानांनी गाईला आणि वासराला गोचिडांसाठी फवारलं होतं, वाळवीचं क्लोरपायरिफॉस उरलं होतं ते. म्हैस पाण्यात डुंबते, तिला गोचीड नसतात म्हणून तिला मारलं नाही. त्या रात्री यजमानांचं डोकं दुखून उलटी झाली, त्यामुळे ते लवकर झोपले.)

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात लिहिली आहे.

जरा पडताळून पाहा. म्हशीने ते गवत खाल्लं, तिला औषध फवारलेलं नव्हतं, तिला काही झालं नाही. वासराने गवताला तोंडही लावलं नाही, त्याच्या अंगावर औषध मारलं होतं, ते आडवं पडलं. गाईने गवतही खाल्लं आणि तिला फवारलंही होतं, तीही आजारी पडली. आजार गवताच्या मागे गेलेला नाही, फवाऱ्याच्या मागे गेला आहे. वासराला दुधातून विष गेलं असेल अशी शंका घ्याल, तर इतक्या लवकर आणि इतक्या जोराने ते दुधातून जात नाही. रक्ताची किंवा केसांची तपासणी झाल्याशिवाय मी शंभर टक्के सांगणार नाही, गवतावर थोडाफार अंश असेलही. पण आज मला कोणी विचारलं तर मी बोट वाळवीच्या औषधाकडे दाखवीन. तेव्हा शेजाऱ्यांची तक्रार तूर्त नको. ती टिकणार नाही आणि बांधावरचे संबंध मात्र कायमचे बिघडतील.

आता गाईच्या आधी यजमान. फवारल्यावर त्याच रात्री डोकं दुखणं आणि उलटी होणं याला थकवा समजू नका. त्याच औषधाने त्यांनाही विषबाधा झालेली असण्याची दाट शक्यता आहे, फक्त ती सौम्य होती. त्यांना डॉक्टरांकडे पाठवा, सोबत औषधाचा डबा किंवा निदान लेबल द्या, आणि कोलिनेस्टरेजची (हे शरीरातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम) रक्ततपासणी करायची का ते विचारा. तोपर्यंत त्यांनी कुठलीही फवारणी करू नये. एकदा ही पातळी खाली गेली की दुसऱ्या खेपेला थोडं औषधही जास्त भोवतं.

हे कोलिनेस्टरेज प्रकरण गाईच्या बाबतीतही समजून घ्या, म्हणजे डॉक्टरांनी काय केलं ते कळेल. मज्जातंतू स्नायूला किंवा ग्रंथीला हुकूम देतो तो एका रसायनामार्फत. काम झालं की कोलिनेस्टरेज नावाचं विकर ते रसायन लगेच मोडून टाकतं. क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट, फोरेट ही सगळी सेंद्रिय स्फुरद (ऑर्गॅनोफॉस्फरस) गटातली औषधं नेमकं हे विकरच बांधून ठेवतात. मग बटण दाबलेलं तसंच अडकून राहावं तसे हुकूम सुटतच राहतात. लाळ थांबत नाही, डोळे गळतात, शेण-लघवी आवरत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, कातडीखालचे स्नायू फडफडतात. मरण येतं ते बहुतेक वेळा श्वासाने: छातीत स्राव साठतो, श्वासनलिका आवळते, शेवटी श्वासाचे स्नायू थकून थांबतात. कुत्र्या-मांजरांना झटके येतात तसे गाई-म्हशींना येतीलच असं नाही. त्या पुष्कळदा मान टाकून सुस्त उभ्या राहतात, आणि मालकाला वाटतं की उन्हाने झालं असेल.

कार्बोफ्युरान, मिथोमिल ही कार्बामेट गटातली औषधंही याच वाटेने जातात, पण त्यांची पकड काही तासांत आपोआप सुटते. क्लोरपायरिफॉसची पकड लवकर सुटत नाही. त्यातून ते चरबीत मुरतं आणि हळूहळू बाहेर येतं, म्हणून जनावर एकदा सावरल्यासारखं वाटून पुन्हा ढासळू शकतं. गोचिडांवर वापरायची काही औषधंही याच गटातली असतात हे खरं. पण जनावराच्या अंगासाठी बनवलेलं औषध आणि शेताचं औषध यांत मोठा फरक आहे. शेताच्या औषधात ते पाण्यात मिसळावं म्हणून जे द्रावक घातलेलं असतं, ते औषधाला कातडीतून आत न्यायलाही मदत करतं. क्लोरपायरिफॉस तर दुभत्या गाईंना आणि मोठ्या वळूंना लावूच नये असा जुना इशारा आहे. वासराचं वजन कमी आणि त्या मानाने कातडी जास्त, म्हणून त्याला मात्रा जास्त बसते. शिवाय गाय वासराला चाटते. म्हणजे गाईने स्वतःच्या कातडीतून घेतलं ते घेतलं, वर वासराच्या अंगावरचंही पोटात घेतलं. विष कातडीतून गेलं की लक्षणं उशिरा दिसतात, कधी दुसऱ्या दिवशी. म्हणूनच तुमचा संशय त्या दिवशी आणलेल्या गवतावर गेला.

डॉक्टरांबद्दल. या विषबाधेवरचा उतारा म्हणजे अ‍ॅट्रोपिन. त्याची मात्रा किलोला ०.२५ ते ०.५ मिलिग्रॅम धरतात. चारशे किलोच्या गाईला १०० ते २०० मिलिग्रॅम. माणसांसाठीच्या साध्या कुपीत मिलिलिटरला ०.६ मिलिग्रॅम असतं. भागाकार करून पाहा: १०० मिलिग्रॅम द्यायचं तरी १६० मिलिलिटरहून जास्त लागतं. जवळ तीच कुपी असेल, तर कुप्यांमागून कुप्या फोडण्यावाचून इलाज नसतो. त्यातला थोडा भाग शिरेतून, बाकीचा कातडीखाली, आणि काही तासांत असर उतरला की पुन्हा. शेजारीपाजारी बघत असताना इतकं औषध घालायला धीर लागतो. कमी दिलं असतं तर गाय गेली असती. अ‍ॅट्रोपिनने तोंड कोरडं पडतं, पोटाची हालचाल मंदावते, पण हा परिणाम त्या एक-दोन दिवसांपुरता. तीन आठवड्यांनंतरचं दूध त्याच्या माथी मारता येत नाही.

मग दूध का आटलं? मला दोन संशय आहेत आणि दोन्ही तपासून घ्या. पहिला त्या तेलाचा. लाळ गाळणाऱ्या, थरथरणाऱ्या जनावराला नीट गिळता येत नसतं. तोंड वर धरून बाटली लावली की घोट श्वासनलिकेत उतरतो. तेलाला पाण्यासारखा ठसकाही लागत नाही, त्यामुळे पाजणाऱ्याला कळतही नाही. मग काही दिवसांनी खोकला, थोडा ताप, नाकातून शेंबूड आणि दुधात घट. तुमची गाय खोकते असं तुम्ही लिहिलंय, म्हणून पशुवैद्यकांना आधी छाती ऐकायला सांगा. तेलाने विष उतरतही नाही. ही औषधं स्निग्धात विरघळणारी, तेलासोबत ती उलट जास्त सहज शोषली जातात. दूध-तूप पाजण्याचंही तेच. पोटातलं विष धरून ठेवायला कोळशाची औषधी भुकटी देतात, तीही नळीने आणि जाणत्या हाताने.

दुसरा संशय किटोसिसचा. गाय व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दूध वाढत असतं आणि खाणं त्या मानाने कमी पडतं. नेमक्या त्या दिवसांत तुमच्या गाईने चारा सोडला असणार. अशा वेळी अंगातली चरबी वेगाने वितळते, रक्तात कीटोन साठतात, भूक आणखी मरते. लघवीची साधी पट्टीवरची तपासणी लगेच सांगते, आणि यावर चांगला उपचार आहे. जाता जाता सड आणि कास दाबून पाहायला सांगा, शेणाच्या हगवणीत लोळलेल्या गाईला कासदाह व्हायला वेळ लागत नाही.

माजाची काळजी मात्र तुम्ही जरा घाईने करताय. वासरू आता सहा आठवड्यांचं झालं असेल. निरोगी गाईलाही या सुमाराला ठळक माज दिसेलच असं नाही, आणि ही तर मरणाच्या दारातून परतलेली. तिच्या अंगावर मांस चढू द्या. आणखी महिनाभराने माज दिसला नाही तर गर्भाशय आणि बीजांड तपासून घ्या. कीटकनाशकांमुळे वंध्यत्व येतं असं सरसकट बोललं जातं. दीर्घकाळ अंश पोटात जात राहिला तर संप्रेरकांवर परिणाम होतो हे प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवर दिसलेलं आहे, आणि गाभण जनावराला तीव्र विषबाधा झाली तर गर्भपातही होतो. पण एका प्रसंगावरून एका गाईला वांझ ठरवून विकून टाकू नका.

दुधाचं. ही औषधं शरीरात बऱ्यापैकी लवकर मोडतात, दुधात येणारा अंश थोडा असतो आणि दिवसागणिक उतरत जातो. पहिल्या आठवड्याचं दूध ओतलंत हे उत्तम केलंत. आता तीन आठवडे झालेत, तरी मुलांना देण्याआधी पशुवैद्यकांचा होकार घ्या, आणि दूध तपासून देणारी प्रयोगशाळा आवाक्यात असेल तर एक नमुना पाठवा. उकळून हा अंश जातो या भरवशावर राहू नका. पण ती साय! क्लोरपायरिफॉस चरबीत राहणारं औषध आहे. दुधात थोडं असलं तरी सायीत, लोण्यात, तुपात ते एकवटतं. म्हणजे तुम्ही दूध ओतून दिलंत आणि त्यातला नेमका नको तो भाग जपून ठेवलात. ती साय खड्ड्यात पुरा, कुत्र्यालाही घालू नका.

डीडीटी, अल्ड्रिन यांसारख्या जुन्या औषधांचा प्रश्न याहून चिवट होता. ती शरीरात मोडतच नाहीत म्हटलं तरी चालेल. गाईच्या चरबीत महिनोन्‌महिने बसून राहतात आणि ती व्यायली, अंग उतरलं की दुधातून बाहेर पडतात. म्हणूनच २००१च्या स्टॉकहोम करारात अशी रसायनं जगभरातून हटवण्याचं किंवा त्यांचा वापर आवळण्याचं ठरलं, आणि एंडोसल्फानची भर त्यात २०११ साली पडली. तुमच्या कोपऱ्यात कुणा जुन्या माणसाने जपून ठेवलेली पुडी-डबा असेल, तर ती गोठ्याच्या आसपासही नको.

पुढचे काही आठवडे दोन गोष्टींवर डोळा ठेवा. या गटातल्या काही औषधांनी पहिली लक्षणं गेल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी मागच्या पायांतली ताकद जाते. गाय किंवा वासरू उठताना मागचा भाग डुलवतंय, खूर घासत चालतंय असं दिसलं तर लगेच कळवा. वासरू ‘अशक्त’ आहे असं तुम्ही लिहिलंय. ते पायाने अशक्त आहे की अंगाने, हे पत्रावरून मला कळत नाही आणि फरक मोठा आहे. दुसरी गोष्ट जंताच्या औषधाची. लेव्हामिसोल हे जंतनाशक मज्जातंतूंवर साधारण त्याच दिशेने काम करतं, ते सध्या दोघांनाही नको. जंत पाडायचे असतील तर काय घडलं ते सांगून दुसरं औषध मागा. गोचिडांसाठीही या गटातलं काही नको.

रक्ततपासणी अजूनही करता येईल. गाई-म्हशींच्या रक्तातलं हे विकर मुख्यतः तांबड्या पेशींत असतं, म्हणून नुसता वरचा द्रव चालत नाही. रक्त न गोठू देणाऱ्या कुपीत पूर्ण रक्त घ्यायचं आणि थंड ठेवून पाठवायचं. विकराची पातळी नेहमीच्या निम्म्याखाली असेल तर औषधाचा संपर्क झाला असं धरतात, पाव भागाखाली गेली तर विषबाधाच. म्हशीचंही रक्त सोबत द्या. तिची पातळी ठीक निघाली तर गवताचा प्रश्न मिटेल, उतरलेली निघाली तर मी वर मांडलेला हिशेब पुन्हा करावा लागेल आणि शेजाऱ्यांशी बोलायला तुमच्या हातात काहीतरी असेल.

तसंही शेजाऱ्यांशी बोलायला हवंच, भांडायला नको. फवारणीच्या आदल्या दिवशी सांगा आणि औषधाचं नाव सांगा, एवढंच मागा. पिकावर फवारल्यानंतर किती दिवस काढणी करायची नाही ते लेबलवर लिहिलेलं असतं. बांधावरच्या गवतासाठी तसं काही लिहिलेलं नसतं, कारण ते गवत कोणी गाईला घालेल हा विचार लेबल लिहिणाऱ्याच्या मनात नसतो. निदान त्या पिकासाठी दिलेले दिवस तरी ते गवत कापू नका. धुऊन घालीन म्हणाल, तर इमिडाक्लोप्रिड किंवा डायमेथोएटसारखी औषधं झाडाच्या रसात शिरतात, पाण्याने ती निघत नाहीत. हीच सावधगिरी औषध चोळलेल्या उरलेल्या बियाण्याबाबत घ्या, आणि ज्या पोत्यातून दाणेदार औषध आलं त्या पोत्यात पेंड भरू नका. पंप जिथे धुता तिथलं पाणी गाई पितात का, तेही पाहा.

पुन्हा असं काही दिसलं, देव करो नि न दिसो, तर आधी जनावर त्या जागेवरून हलवा. अंगावर औषध असेल तर हातमोजे घालून साबणाच्या भरपूर पाण्याने धुवा. जनावर आडवं पडलं तर त्याला छातीवर बसतं करा, तोंड खालच्या बाजूला राहू द्या म्हणजे लाळ बाहेर वाहील. तोंडाने काहीही पाजू नका. आणि डॉक्टरांना फोन करतानाच सांगा की काय वापरलं होतं. ही बाब औपचारिक नाही. गोचिडांवरच्या अमिट्राझ नावाच्या औषधाने विषबाधा झाली तर जनावर सुस्त होतं, नाडी मंदावते, पोट थांबतं. तिथे सवयीने अ‍ॅट्रोपिन टोचलं तर पोट आणखी बंद पडतं. युरिया जास्त खाल्ला तरी लाळ आणि थरकाप दिसतो, पण तो अर्ध्या-एक तासात, पोट फुगून. कोवळी, खुरटलेली ज्वारी खाऊन जनावर कोसळलं तर तो सायनाइडचा प्रकार, रक्त लालभडक दिसतं. प्रत्येकाचा उतारा वेगळा. डबा दाखवलात तर डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो, आणि त्या अर्ध्या तासावर पुष्कळ अवलंबून असतं.

राहता राहिले गोचीड. जनावरावर दिसतात ते थोडे, बाकीचे गोठ्यात असतात. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या फटीत, गव्हाणीखाली दोन-तीन हजार अंडी घालते. गाईच्या अंगावर औषध वाढवत नेऊन हे संपणार नाही. फटी बुजवा, गव्हाण आणि कोपरे खरवडून तो कचरा जाळा, आणि अंगावर जनावरांसाठीचंच औषध लेबलवरच्या मापाने वापरा. बहुधा ते सायपरमेथ्रीन किंवा डेल्टामेथ्रीन असेल. अंगासाठी ही त्यामानाने सौम्य असतात, पण मासे त्यांनी पटकन मरतात, म्हणून धुतलेलं पाणी डबक्यात जाऊ देऊ नका. सकाळच्या गारव्यात, जनावराला आधी पाणी पाजून, जखमा नाहीत ना हे पाहून, डोळे-तोंड-कास सोडून लावा, आणि वाळेपर्यंत गाय-वासरू एकमेकांना चाटणार नाहीत असे लांब बांधा. इतक्या लहान वासराला तर पशुवैद्यकांना विचारल्याशिवाय काहीच लावू नका, गोचीड हाताने वेचा आणि रॉकेलमध्ये टाका. या कामासाठी एक वेगळा लहान पंप घ्या. शेताचा पंप कितीही विसळला तरी त्याच्या नळीत आणि चाळणीत औषध राहतं.

गाईची छाती आणि वासराचे पाय या आठवड्यातच तपासून घ्या, बाकीचं दोन दिवस मागेपुढे झालं तरी चालेल.